फिजीमधला कौटुंबिक हिंसाचार आणि मदतीची व्यवस्था

फिजी म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधला ३०० हून जास्त बेटांचा देश, त्यातल्या शंभरेक बेटांवर वस्ती आहे. फोटोत निळा समुद्र दिसतो, पण २०१०-११ मध्ये फिजी विमेन्स क्रायसिस सेंटरने देशभर ३ हजारांहून जास्त बायकांशी बोलून सर्व्हे केला, तेव्हा नवरा किंवा जोडीदार असलेल्या (किंवा आधी कधी असलेल्या) बायकांपैकी ६४ टक्के जणींनी सांगितलं की त्याने मारहाण नाहीतर लैंगिक जबरदस्ती केलीये. जगाची सरासरी साधारण तीनात एक धरतात, म्हणजे इथे जवळजवळ दुप्पट. हा आकडा एकदा वाचून पुढे जाण्यासारखा नाहीच.

आणि हे काम आधी सरकारने नाही, बायकांनी सुरू केलं. क्रायसिस सेंटर राजधानी सुवामध्ये १९८४ मध्ये उभं राहिलं, शमीमा अली अनेक दशकं त्याच्या प्रमुख आहेत. समुपदेशन, कायद्याचा सल्ला, पोलीस स्टेशन आणि कोर्टात सोबत जाणं, सगळं फुकट. नांदी, बा, राकिराकी आणि लंबासा इथे शाखा आहेत, खर्चाला ऑस्ट्रेलियाच्या मदतीचा मोठा आधार. पुरुषांनी पुरुषांशी बोलावं म्हणून वेगळं ट्रेनिंगसुद्धा चालतं. साल्व्हेशन आर्मी या ख्रिश्चन सेवाभावी संस्थेची निवारागृहं आहेत, अँग्लिकन चर्चचं हाऊस ऑफ सारा हे बायकांना आधार देणारं केंद्र आहे.

सरकारी बाजूला पहिली मोठी गोष्ट म्हणजे १९९५ ची पोलिसांची ‘नो ड्रॉप’ पॉलिसी, म्हणजे तक्रार आली की ती कोर्टापर्यंत न्यायचीच, बाई नंतर घाबरून किंवा घरच्यांच्या दबावाने मागे हटली तरी. याची गरज का पडली हे कळायला बुलुबुलू माहीत हवं. मूळच्या इतौकेई समाजात भांडण मिटवायची ही जुनी रीत, चूक करणाऱ्याच्या घरचे ताबुआ म्हणजे व्हेलचा दात आणि यंगोना (म्हणजे कावा, एका झाडाच्या मुळापासून करतात ते पेय) घेऊन समोरच्या घरी माफी मागायला जातात आणि त्यांनी तो दात घेतला की विषय संपला. दोन कुळांतलं वैर मिटवायला रीत चांगलीच आहे, पण नवऱ्याने मारलं तेव्हा माफी स्वीकारतात बाईचे वडील, काका, आणि जिला मार बसला तिला बहुतेक वेळा कोणी विचारतही नाही. गिरमिटियांच्या, म्हणजे इंग्रजांनी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांमध्ये ही रीत नाही, पण घरची गोष्ट घरातच ठेव हा दबाव तिथेही आहेच. म्हणून ही पॉलिसी कागदावर फार मोलाची, पण ठाण्यावरचा माणूस आजही बाईला समजूत घालून घरी पाठवतो अशा तक्रारी येत राहतात.

२००९ मध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. मॅजिस्ट्रेट कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळतो, नवऱ्याला जवळ यायला बंदी घालता येते, राहतं घर बाईकडे ठेवता येतं, तातडीने पैसे द्यायला लावता येतात, आणि अर्ज बाईच्या वतीने पोलीसही करू शकतात. मारहाणीसोबत धमकी आणि पाठलागही यात धरलाय.

२०१७ पासून १५६० ही फुकट हेल्पलाइन चोवीस तास चालू आहे, महिला मंत्रालयाने सुरू केलेली, फोन घेतं क्रायसिस सेंटर. कोविडच्या वेळी तिचं महत्त्व कळलं: फेब्रुवारी २०२० मध्ये ८७ फोन, मार्चमध्ये १८७ आणि एप्रिलमध्ये एकदम ५२७. २०२३ मध्ये सरकारने २०२३-२८ चा राष्ट्रीय आराखडा आणला, यात भर आहे हिंसा होण्याआधीच थांबवण्यावर, म्हणजे शाळा, चर्च, मंदिर, खेळाचे क्लब सगळ्यांना सोबत घेऊन.

खरी अडचण लांबच्या बेटांवर आहे. कोर्ट, निवारा, समुपदेशक बहुतेक विटी लेवू आणि वानुआ लेवू या दोन मोठ्या बेटांवर, आणि लाऊसारख्या बेटांवरून यायला बोट लागते, ती रोज नसते, आणि ती येईपर्यंत बाईला त्याच गावात, त्याच माणसाच्या नजरेसमोर राहावं लागतं.