शटलला त्रिकोणी पंख का मिळाले? : पार्श्वभूमी

अंतराळातून परतणाऱ्या यानाचं तोंड टोकदार नव्हे, बोथट हवं, हे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच उमगलं होतं. बोथट तोंडापुढे शॉक वेव्ह (एकदम दाबल्या गेलेल्या हवेची लाट) थोडी अंतर राखून उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवेबरोबरच बाजूने वाहून जाते. (यान ‘घर्षणाने’ तापतं असं आपण सर्रास म्हणतो. मुख्य उष्णता पुढची हवा एकदम दाबली गेल्यामुळे येते.) व्होस्तोक या सोव्हिएत यानाचा गोल दगडासारखा खाली यायचा आणि आतल्या माणसाला आठ-नऊ ‘जी’, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ पट भार, सोसावे लागायचे. अपोलोच्या कुपीचा (कॅप्सूलचा) गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला ठेवला होता, म्हणून ती तिरकी राहून थोडी लिफ्ट (हवेचा वर उचलणारा जोर) मिळवायची. लिफ्ट आणि ड्रॅगचं (हवेच्या मागे ओढणाऱ्या रोधाचं) गुणोत्तर जेमतेम ०.३, पण समुद्रात उतरायला तेवढं पुरलं.

‘स्पेस शटल’ या अमेरिकेच्या पुन्हा वापरता येणाऱ्या यानाच्या पंखांचा वाद फिरला तो ‘क्रॉस-रेंज’ या शब्दाभोवती. मराठीत तो कधीकधी नुसता ‘पल्ला’ म्हणून येतो आणि तिथेच घोटाळा होतो. पल्ला म्हणजे पुढचं अंतर. क्रॉस-रेंज म्हणजे कक्षेच्या रेषेपासून डावीकडे किंवा उजवीकडे यान किती लांब जाऊन उतरू शकतं ते. अमेरिकी लष्कराची (हवाई दलाची) अट अशी : कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून ध्रुवीय (ध्रुवांवरून जाणाऱ्या) कक्षेत जायचं आणि एकच फेरी मारून तिथेच परतायचं. फेरीला दीड तास लागतो. तेवढ्यात पृथ्वी साडेबावीस अंश फिरते, म्हणजे त्या अक्षांशावरचा तळ सुमारे २,००० किलोमीटर पूर्वेला सरकलेला असतो. ते अंतर इंजिनाशिवाय, केवळ लिफ्टच्या बळावर कापायचं होतं.

आधीचा एक आराखडा आखूड, सरळ पंखांचा होता. ते यान नाक ६० अंश वर ठेवून, पोटावर हवा झेलत, जवळपास कुपीसारखंच खाली आलं असतं. तापण्याचा काळ थोडा, उतरतानाचा वेगही कमी. पण बाजूला सरकणं फार तर काहीशे किलोमीटर. लष्कराच्या पाठिंब्याशिवाय प्रकल्पाला मंजुरी मिळणं अवघड होतं, त्यामुळे डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंख आले. लांबवर तरंगत जाणारं यान जास्त वेळ तापतं, म्हणून उष्णतारोधक कवचाचं ओझं आणि त्याच्या देखभालीचं कामही वाढलं. डेल्टाचे समर्थक म्हणतात की सरळ पंखांचं यान ६० अंशांवरून सपाट उड्डाणाकडे वळताना स्टॉल होण्याचा (लिफ्ट एकदम नाहीशी होण्याचा) धोका होता, आणि आणीबाणीत एका फेरीनंतर परतायलाही क्रॉस-रेंज लागतेच. हे मुद्दे खरे आहेत. तरीही मला वाटतं, निर्णयाचं मूळ त्या एका फेरीतच होतं. आणि व्हॅन्डेनबर्गहून शटल कधीच उडालं नाही.

एप्रिल १९८१च्या शटलच्या पहिल्या उड्डाणातच विंड टनेलच्या (प्रतिकृतीवर हवेचा झोत सोडून पाहण्याच्या बोगद्याच्या) मर्यादा दिसल्या. प्रचंड वेगात यानाचं नाक अपेक्षेपेक्षा जास्त वर उचललं जात होतं. ते सावरायला शेपटीखालची झडप अंदाजाच्या सुमारे दुप्पट कोनात वळवावी लागली. तप्त हवेचे रेणू फुटतात, तेव्हा दाबाची वाटणी बदलते. बोगद्यात ते नीट उतरलं नव्हतं.

१ फेब्रुवारी २००३ला परतताना कोलंबिया या शटलच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला पडलेल्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला. डावीकडचा ड्रॅग वाढत गेला. स्वयंचलित यंत्रणेने पंखांच्या झडपा फिरवल्या, छोटे जेट चालवले, शेवटपर्यंत यान सरळ धरायचा प्रयत्न केला. सातही जण गेले; त्यांत भारतात जन्मलेली अंतराळवीरही होती.

भारताच्या पंखधारी प्रायोगिक यानाने २३ मे २०१६ला सुमारे ६५ किलोमीटर उंची गाठून बंगालच्या उपसागरात अवतरण केलं. पंख दुहेरी डेल्टा. पुढे चित्रदुर्गजवळ त्याला चिनूक हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवर सोडून धावपट्टीवर उतरवलं गेलं. अशा आकाराला कमी वेगात लिफ्ट कमी मिळते, म्हणून जून २०२४च्या चाचणीत ते ताशी ३२० किलोमीटरहून जास्त वेगाने टेकलं. प्रवासी विमान साधारण २६०ने टेकतं. चाकांच्या ब्रेकवर भार येण्याआधी पॅराशूट उघडून वेग शंभरच्या आसपास आणावा लागला.