ढगात पहिली ठिणगी पेटते कशी?

हवा ही विजेची वाहक नाही. जमिनीलगतच्या हवेतून ठिणगी उडवायची, तर दर मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र लागतं. उंचावर हवा विरळ होते, म्हणून ढगाच्या मधल्या भागात हा आकडा साधारण निम्म्यावर येतो. शास्त्रज्ञ गेली कित्येक दशकं गडगडाटी ढगांमध्ये फुगे आणि विमानं पाठवून आतलं विद्युतक्षेत्र मोजत आले आहेत. तिथे सहसा मीटरमागे २ ते ४ लाख व्होल्टच भरतात. म्हणजे या हिशोबाने वीज चमकायलाच नको. प्रत्यक्षात उपग्रहांच्या मोजणीनुसार पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी ४५ च्या आसपास विजा चमकतात.

विजेबद्दल लिहिताना लखलखाटाचं वर्णन भरपूर होतं, पण मला खरी गंमत या न जुळणाऱ्या हिशोबात वाटते.

आधी ढगात विद्युतभार येतो कुठून ते पाहू. गडगडाटी ढग हा उभा वाढणारा ढग असतो. त्याचा तळ जमिनीपासून एखाद-दीड किलोमीटरवर असतो, तर माथा १२ ते १५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. आत गरम, दमट हवेचा झोत जोराने वर चढत असतो. तापमान शून्याखाली १० ते २० अंश सेल्सियस असतं त्या पट्ट्यात पाणी तीन रूपांत एकत्र नांदतं: बर्फाचे बारीक स्फटिक, मऊसर छोट्या गारा, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब. हे थेंब गारेवर आपटले की जागीच गोठतात आणि गार जड होत जाते. त्याच वेळी झोताबरोबर वर जाणारे हलके स्फटिक तिच्यावर आदळून उडतात. प्रत्येक टकरीत थोडासा विद्युतभार इकडचा तिकडे होतो. गार ऋणभारित होते, स्फटिक धनभारित. एका टकरीतली देवघेव अगदी नगण्य असते, पण ढगात अशा टकरी असंख्य होतात. मग गुरुत्वाकर्षण आणि वारा मिळून वाटणी करतात. जड गारा मध्ये आणि खाली राहतात, हलके स्फटिक माथ्याकडे जातात. ढगाचा वरचा भाग धन आणि मधला-खालचा भाग ऋण, अशी ही रचना साधारण अर्ध्या तासात तयार होते.

विशेष म्हणजे, न गोठलेले थेंब नसतील तर ही देवघेव फारच क्षीण होते. तापमान आणि पाण्याचं प्रमाण बदललं की गारेवरचा भार ऋणाऐवजी धनही होतो. जपानचे त्सुतोमू ताकाहाशी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे नीट दिसून आलं. वरवर साध्या वाटणाऱ्या बर्फाच्या टकरीत नेमकं काय सरकतं, यावर आजही संशोधन चालू आहे.

अशा ढगात एकूण किती व्होल्टचा फरक साठतो? याचं एक विलक्षण उत्तर उटीहून आलं. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘ग्रेप्स-३’ या प्रयोगात म्युऑन नावाचे कण मोजतात. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की हे कण तयार होतात आणि जमिनीपर्यंत पोचतात. भारित असल्यामुळे विद्युतक्षेत्रातून जाताना त्यांची ऊर्जा बदलते. १ डिसेंबर २०१४ रोजी एक वादळ या उपकरणांवरून गेलं आणि म्युऑनची संख्या सुमारे २ टक्क्यांनी घटली. ती घट १८ मिनिटं टिकली. तेवढ्यावरून संशोधकांनी उलट गणित मांडलं. ढगातला विद्युतदाब निघाला १३० कोटी व्होल्ट! २०१९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फुगे सोडून तोवर मिळालेल्या कमाल आकड्याच्या हा दहापट होता. फुगा ज्या रेषेत जातो तेवढंच मोजतो. म्युऑन संपूर्ण ढग वरपासून खालपर्यंत भेदून येतात, म्हणून ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

पण दाब प्रचंड असला तरी तो काही किलोमीटर उंचीवर विभागलेला असतो. ठिणगीसाठी लागतं ते एखाद्या जागचं तीव्र क्षेत्र. तिथे पुन्हा बर्फच मदतीला येतो असं दिसतं. टोकदार वस्तूच्या टोकापाशी विद्युतक्षेत्र एकवटतं. लांबट बर्फकणाच्या टोकाशी ते सभोवतालच्या कितीतरी पट होतं आणि तिथून तेजाचे बारीक धागे फुटू शकतात. दुसरी कल्पना वैश्विक किरणांची आहे. त्यांनी उडवलेले वेगवान इलेक्ट्रॉन ढगातल्या क्षेत्रात आणखी वेग घेतात आणि हवेतल्या रेणूंमधून नवे इलेक्ट्रॉन उडवत जातात. नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या ‘लोफार’ या रेडिओ दुर्बिणीच्या हजारो अँटेनांनी विजेची सुरुवात मीटरभराच्या बारकाईने टिपली आहे. आधी अगदी क्षीण रेडिओ संकेत येतो आणि काही मायक्रोसेकंदांत तो झपाट्याने वाढत जातो. हे चित्र धाग्यांच्या कल्पनेशी अधिक जुळतं.

एकदा सुरुवात झाली की पुढचं आपल्याला बरंच ठाऊक आहे. ढगातून एक अंधूक, फांद्या फुटलेली वाट टप्प्याटप्प्याने खाली येते. प्रत्येक टप्पा साधारण ५० मीटरचा. तो एखाद्या मायक्रोसेकंदात पार होतो, मग सुमारे ५० मायक्रोसेकंद विसावा, मग पुढचा टप्पा. जमीन जवळ आली की उंच झाडं, खांब, इमारती यांच्या टोकांवरून तशाच ठिणग्या वर झेपावतात. त्यांपैकी एकीची वरून येणाऱ्या वाटेशी गाठ पडली की मंडल पूर्ण होतं. त्या क्षणी हजारो अँपियरचा प्रवाह वाहू लागतो. साधारण आकडा ३० हजार अँपियरचा आहे. डोळे दिपवणारा प्रकाश जमिनीकडून ढगाकडे चढतो, तोही प्रकाशवेगाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने. आपल्याला मात्र तो क्रम कळत नाही, सगळी रेघ एकदम उजळल्यासारखी दिसते. त्याच वाटेने बहुतेकदा तीन-चार झोत लागोपाठ जातात, त्यांच्यात सेकंदाच्या शतांशांचं अंतर असतं. वीज थरथरल्यासारखी भासते ती यामुळेच.

ती वाट जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाडीची, पण आतल्या हवेचं तापमान ३० हजार अंशांवर जातं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आहे. इतक्या अचानक तापलेली हवा स्फोटासारखी फैलावते, हाच मेघगर्जनेचा उगम. गर्जना लांबते कशी, याचं उत्तर विजेच्या लांबीत आहे. समजा, वाटेचं जवळचं टोक आपल्यापासून एक किलोमीटरवर आणि लांबचं पाच किलोमीटरवर आहे. आवाज किलोमीटरला तीन सेकंद घेतो. पहिला आवाज तीन सेकंदांनी येईल, शेवटचा पंधरा सेकंदांनी. मधली बारा सेकंदं ढग गडगडत राहतील, वीज मात्र क्षणात संपलेली असेल.

वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे गर्जना सहसा ऐकू येत नाही, कारण वर हवा थंड असल्याने आवाज वरच्या दिशेला वळतो. म्हणून गर्जना कानावर आली की आपण विजेच्या टप्प्यात आहोत असंच धरावं. ढगाच्या पसरलेल्या माथ्यातून सुटणाऱ्या धनभारित विजा मूळ वादळापासून १५ किलोमीटर किंवा त्याहून दूरही पडतात. त्या संख्येने कमी, पण बऱ्याचदा अधिक प्रखर असतात. झाडाखाली उभं राहणं घातकच. वीज झाडावर पडली तरी प्रवाह जमिनीत पसरतो आणि दोन पायांमधल्या दाबाच्या फरकाने शरीरातून जातो.

वेगवान इलेक्ट्रॉनांची गोष्ट इथेच थांबत नाही. त्यांच्यामुळे गडगडाटी ढगांतून गॅमा किरण बाहेर पडतात, हे १९९४ मध्ये उपग्रहाच्या नोंदींतून प्रथम जाहीर झालं. पुढे ६ फेब्रुवारी २०१७ रोजी जपानच्या काशिवाझाकी येथे हिवाळी वादळात वीज पडली, तेव्हा जमिनीवरच्या यंत्रांनी त्याहून चकित करणारी गोष्ट नोंदली. विजेच्या गॅमा किरणांनी हवेतल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन उडवले होते. मागे राहिलेल्या अस्थिर नायट्रोजन-१३ मधून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, बाहेर पडत होते. त्यांच्या आणि इलेक्ट्रॉनच्या नाशाची खूण सांगणारे किरण मिनिटभर येत राहिले. अणुभट्टीत किंवा कणत्वरकात होणाऱ्या अभिक्रिया साध्या ढगाखालच्या हवेत घडताना प्रत्यक्ष मोजल्या गेल्या.