द्राक्षाच्या पानातून घर कापून नेणारी अळी

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यातला मुरलेला बागायतदार पानावरचं भोक बघून कीड सांगतो. उडद्या भुंगा कोवळं पान लांबट खरवडतो, मोठ्या अळ्या पान वेडंवाकडं कुरतडतात. पण भोक लंबगोल, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं, काठ कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ आणि शेजारी पानाचा तेवढाच भाग वाळून तपकिरी झालेला असेल, तर? इटलीच्या उत्तरेकडच्या त्रेंतिनो आणि व्हेनेतो या भागांतल्या द्राक्षबागांत 2006 पासून अशी भोकं दिसू लागली. ती पाडणाऱ्या पतंगाचं नाव अँटिस्पिला ओइनोफिला.

पतंग इतका लहान, की पंख पसरले तरी सेंटीमीटर भरत नाही. काळपट पंखांवर चांदीसारखे चकाकणारे पट्टे असतात. या कुळातले पतंग उन्हात, दिवसाढवळ्या उडतात. आपण त्यांना चिलट समजून हाताने वारतो. मादीचं अंडी घालायचं अंग टोकदार असतं. ते पानात खुपसून ती अंडं पानावर नव्हे, पानाच्या आत ठेवते.

द्राक्षाच्या पानाची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. त्यातही वरची आणि खालची साल सोडली, तर मधला हिरवा गर केवढासा उरणार! अळी तेवढ्या फटीत राहते, म्हणूनच तिचं अंग चपटं असतं आणि पाय जवळजवळ नसतातच. आधी ती एक अरुंद बोगदा पोखरते, मग त्याच ठिकाणी गर खात खात जागा रुंद करते. दोन्ही साली शाबूत असतात, त्यामुळे पान उजेडाकडे धरलं तर आतली अळी आणि तिची काळी विष्ठा दिसते. भक्ष्य शोधणाऱ्या किड्यांपासून लपायला आणि अंग सुकू न द्यायला ही जागा चांगली. वरून मारलेलं स्पर्शजन्य औषधही तिच्यापर्यंत सहज पोचत नाही.

खरी करामत पुढे. पूर्ण वाढ झालेली अळी पोखरलेल्या जागेच्या एका भागाला आतून रेशमाचं अस्तर लावते. मग वरची आणि खालची साल एकाच मापाने लंबगोल कापते आणि दोन्ही चकत्यांच्या कडा रेशमाने जोडते. चकत्यांच्या मधोमध ती स्वतः असते. अशी ती घरासकट पानातून सुटते आणि धाग्याला लोंबकळत खाली येते. खोडाची साल किंवा वेलीला आधार दिलेला खांब गाठून हे घर, म्हणजेच कोश, तिथे चिकटवते. वर्षात दोन पिढ्या होतात. दुसऱ्या पिढीच्या अळ्या या कोशातच हिवाळा काढतात.

म्हणजे भोक दिसलं, तेव्हा अळी त्या पानावर राहिलेलीच नसते. आपल्याकडे पानाला भोक दिसलं की पंप पाठीवर घ्यायची सवय आहे. इथे ती फवारणी रिकाम्या घरावर होईल.

पाय नसताना ती घर ओढते कशी, हे याच कुळातल्या दुसऱ्या, भूमध्य समुद्राकाठच्या मूळ जातीवर पाहिलं गेलं आहे. 1750 च्या सुमारास माल्टा बेटावर गोदेहू द रिव्हिल या निसर्गअभ्यासकांनी द्राक्षाच्या पानातली ही अळी निरखली. ती तोंड बाहेर काढून पुढे रेशमाचा एक बारीक उंचवटा करते, तो जबड्यात धरते आणि कोश त्याच्याकडे खेचते. मग पुढचा उंचवटा. गुळगुळीत काचेवरसुद्धा तिला अशी चढता येते. 1855 मध्ये इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेनटन यांनी या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा नावात रिव्हिल यांनाच ठेवलं.

इटलीतली नवी कीड मात्र ही नव्हे. सुरुवातीला ती अमेरिकेतल्या एका दुसऱ्याच वेलीवरच्या पतंगाशी मिसळली गेली. पंखांवरची नक्षी, जननेंद्रियांची रचना आणि डीएनए ताडून पाहिल्यावर कळलं, की ही पूर्व अमेरिकेतल्या रानद्राक्षांवर राहणारी, तोवर नावच नसलेली जात आहे. 2012 मध्ये तिला नाव मिळालं. एका देशाच्या बागेत उपद्रव झाल्यावर दुसऱ्या देशाच्या रानातला किडा विज्ञानाला माहीत व्हावा, याची मला तरी मोठी गंमत वाटते.

समुद्र ओलांडून ती इटलीत आली, ती बहुधा आयात रोपांच्या अंगावर चिकटलेल्या कोशांतून, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपल्या बागाही मुळाशी अमेरिकीच आहेत. सांगलीकडे कलमासाठी वापरला जाणारा डॉगरिज खुंट तिकडच्याच द्राक्षाचा. त्यामुळे बाहेरून रोपं किंवा काड्या येतात तेव्हा पानं आणि मुळ्यांइतकंच सालीकडेही भिंग लावून बघायला हवं. तिथे वाळक्या पानाच्या दोन चकत्या चिकटलेल्या दिसल्या, तर त्या कचरा म्हणून झटकायच्या नाहीत, कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला दाखवायच्या.