मॉरिशस : शालेय नोंदणी व शिक्षणखर्च

मॉरिशस प्रजासत्ताकातील शाळांची पटनोंदणी आणि त्यासाठी होणारा सार्वजनिक खर्च यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या या बेटराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौ. किमी. व लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. 12 मार्च 1968 रोजी ते ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाले आणि 1992 मध्ये प्रजासत्ताक बनले. आफ्रिका खंडातील देशांच्या तुलनेत येथील नोंदणीचे प्रमाण फार पूर्वीपासून वरचे राहिले आहे. मात्र ही आकडेवारी वाचताना छेदस्थानी कोणती लोकसंख्या धरली आहे आणि खर्चात खासगी शाळांचे अनुदान कसे मिळवले आहे, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्याविना वेगवेगळ्या कोष्टकांतील आकडे जुळत नाहीत.

पूर्वेतिहास : फ्रेंच अमदानीत 1790 नंतरच्या दशकात पोर्ट लुईस येथे स्थापन झालेली वसाहती शाळा पुढे ब्रिटिश काळात रॉयल कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. ती मळेवाल्यांच्या मुलांसाठी होती. लंडन मिशनरी सोसायटीचे झां लब्रां हे 1814 मध्ये बेटावर आले व त्यांनी गोरेतर मुलांसाठी मोफत शाळा उघडली. गुलामगिरी संपल्यावर मायको निधी या इंग्लंडमधील धर्मादाय निधीच्या शाळा निघाल्या. 1834 पासून भारतातून करारबद्ध मजूर येऊ लागल्यावर लोकसंख्येची घडणच बदलली, पण मजुरांच्या मुलांची शाळा हा प्रश्न तसाच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सक्तीच्या शिक्षणाचा एक वटहुकूम निघाला होता. तो बहुधा कागदावरच राहिला. मळ्यांत बालमजुरांची गरज होती आणि मजुरांच्या मुलांना कोणत्या भाषेत शिकवावे यावर एकमत नव्हते, ही त्याची कारणे अभ्यासक देतात. 1901 मध्ये म. गांधी बेटावर थांबले असता त्यांनी भारतीयांना मुले शिकवण्याचा सल्ला दिला, याचा उल्लेख तेथील जवळजवळ प्रत्येक इतिहासात येतो. नोंदणीवर त्याचा प्रत्यक्ष परिणाम किती झाला हे मोजता येण्याजोगे नाही. गावोगावच्या बैठकांमधून, म्हणजे समाजमंडळांनी संध्याकाळी चालवलेल्या वर्गांमधून, जे अक्षरज्ञान पसरले ते सरकारी पटावर आलेच नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अधिकृत आकडे वास्तवापेक्षा कमी असावेत, असे मानण्यास जागा आहे. 1941 मध्ये शिक्षण संचालक वॉर्ड यांनी सादर केलेला अहवाल हा या काळाचा सर्वांत भरवशाचा आधार होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर हिवतापाचे निर्मूलन झाले, मृत्युदर झपाट्याने घसरला आणि लोकसंख्या वर्षाला सुमारे तीन टक्क्यांनी वाढू लागली. 1961 च्या सुमारास आलेले मीड (अर्थव्यवस्थेविषयी) व टिटमस (समाजकल्याणाविषयी) या ब्रिटिश तज्ज्ञांचे अहवाल याच वाढीच्या धास्तीतून जन्मले. शाळांवर याचा ताण मोठा होता. तरीही स्वातंत्र्याच्या सुमारास प्राथमिक वयाची बहुसंख्य मुले शाळेत होती. वसाहतीच्या अखेरच्या काळात प्राथमिक शाळांची फी नव्हती, हे त्यामागील एक कारण. प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले ते मात्र 1991 मध्ये, म्हणजे सक्ती येण्याआधीच मुले शाळेत आली होती. कायदा करून पट वाढवण्याचा नेहमीचा क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

मोफत माध्यमिक शिक्षणाचा वाद : मोफत माध्यमिक शिक्षण केव्हा व का सुरू झाले याविषयी संदर्भग्रंथांत मतभेद आहेत. काही ठिकाणी 1976, तर काही ठिकाणी 1977 हे वर्ष आढळते. घोषणा 1976 च्या निवडणूककाळातील व अंमल जानेवारी 1977 मधील शालेय वर्षापासूनचा, असे धरल्यास दोन्ही तारखांचा मेळ बसतो. कारणांविषयीचा वाद याहून कठीण आहे. एका मतानुसार मे 1975 मधील विद्यार्थी आंदोलन हे मूळ होय. 20 मे रोजी ठिकठिकाणच्या कॉलेजांतील (मॉरिशसमध्ये माध्यमिक शाळेला कॉलेज म्हणतात) मुले पोर्ट लुईसकडे चालत निघाली आणि ग्रांद रिव्हिएर नॉर्ड-वेस्टच्या पुलापाशी पोलिसांशी त्यांची चकमक झाली. खासगी कॉलेजांची फी व सुमार दर्जा, तसेच सरकारी व खासगी शाळांमधील दरी, हे त्यांच्या असंतोषाचे विषय होते. त्यानंतर मतदानाचे वय 18 वर आणले गेले. दुसरे मत असे की, हे पाऊल मुख्यतः निवडणुकीचे होते : 18 वर्षांच्या नव्या मतदारांचा कल मूव्हमाँ मिलितां मोरिसियँ या पक्षाकडे दिसत होता आणि पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाला तो थोपवायचा होता. 20 डिसेंबर 1976 च्या निवडणुकीत मूव्हमाँला सर्वाधिक जागा मिळाल्या, तरी रामगुलाम आघाडी करून सत्तेवर राहिले व वचन पाळले गेले. तिसरे मत अर्थशास्त्रज्ञांचे आहे. 1974-75 मध्ये साखरेचे भाव कडाडले, 1975 च्या लोमे कराराने युरोपीय बाजारात हमीभावाचा कोटा मिळाला आणि साखरेवरील निर्यात कराने तिजोरी भरली. पैसा हाती नसता तर वचन दिलेच गेले नसते, असा या मताचा आशय आहे. या तिन्हींपैकी एकच कारण निवडण्यापेक्षा आंदोलनाने मागणी पुढे आणली, निवडणुकीने तिला मुहूर्त दिला व साखरेने ती परवडवली, असा क्रम लावणे पुराव्याशी अधिक सुसंगत वाटते.

पैशाचा हा आधार फार टिकला नाही. साखरेचे भाव उतरले, 1979 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींवर काटकसर सुरू झाली. अनेक विकसनशील देशांत अशा वेळी शाळांची फी परत आली, मॉरिशसमध्ये आली नाही.

खासगी कॉलेजे व अनुदान : 1977 मध्ये एकाएकी वाढलेल्या विद्यार्थ्यांना सामावण्याइतक्या सरकारी शाळा नव्हत्या व त्या एका वर्षात उभ्याही राहण्यासारख्या नव्हत्या. सरकारने आधीच चालू असलेल्या खासगी कॉलेजांची फी बंद करून शिक्षकांचे पगार व चालू खर्च अनुदान म्हणून उचलला. त्याच्या वाटपासाठी व देखरेखीसाठी खासगी माध्यमिक शाळा प्राधिकरण 1976 मध्ये स्थापन झाले. ही व्यवस्था तात्पुरती असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी दीर्घकाळ अनुदानित खासगी कॉलेजांतच राहिले. महाराष्ट्रातील अनुदानित शाळांची पद्धत माहीत असलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल, फक्त तिचे प्रमाण संबंध राष्ट्राचे आहे. म्हणूनच ‘खासगी’ हा शब्द वाचून येथे खर्च पालकांचा आहे असे समजणे चुकीचे ठरते. कॅथलिक चर्चची कॉलेजे याच अनुदानावर चालतात. त्यांतील निम्म्या जागा कॅथलिक मुलांसाठी राखण्याची प्रथा 2004 मध्ये मॉरिशसचे अंतिम अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने भेदभावाची ठरवली. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेला प्रवेशाची मोकळीक किती, हा त्यातील प्रश्न होता.

नोंदणीचे प्रमाण मोजण्याच्या अडचणी : स्थूल नोंदणी प्रमाण म्हणजे एखाद्या स्तरावरील एकूण विद्यार्थी, वय कोणतेही असो, भागिले त्या स्तरासाठी योग्य वयाची लोकसंख्या. निव्वळ प्रमाणात फक्त योग्य वयाचे विद्यार्थी अंशस्थानी येतात. मॉरिशसमध्ये प्राथमिक स्तराचे स्थूल प्रमाण शंभराच्या आसपास, कधी थोडे वर तर कधी थोडे खाली असते. शंभराच्या वर गेलेला आकडा यशाचा पुरावा नव्हे, कारण परीक्षेत नापास होऊन वर्ष पुन्हा करणारी मुले योग्य वयाच्या पुढे गेली तरी अंशस्थानी मोजली जातात. 2017 मध्ये नऊ वर्षांच्या अखंड मूलभूत शिक्षणाची योजना आली आणि सहावीअखेरच्या प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षेचे स्वरूप बदलले. जुन्या परीक्षेत साधारण एकतृतीयांश मुले पहिल्या प्रयत्नात अडकत. त्यामुळे 2017 च्या आधीचे व नंतरचे आकडे एका ओळीत मांडताना जपून राहावे.

लहान देशात आणखी एक अडचण येते. एका वयोगटात जेमतेम बारा-तेरा हजार मुले असतात, तेव्हा जनगणनेनंतरच्या लोकसंख्या अंदाजातील लहानशी चूकही प्रमाण एकदोन अंकांनी हलवते. काही वर्षी प्राथमिक प्रमाण घसरल्याचे दिसते, ते शाळा सोडल्यामुळे की छेद सुधारल्यामुळे हे कोष्टकावरून कळत नाही. शाळांची मोजणी पारंपरिकपणे मार्च महिन्यात होते व लोकसंख्या वर्षाच्या मध्याची घेतात. कोव्हिडकाळात शालेय वर्षाचे महिने पुढेमागे झाले, त्यामुळे त्या वर्षांचे आकडे विशेष सावधपणे वापरावेत. माध्यमिक स्तरावर प्रमाण नव्वदीच्या वर गेले आहे. 2005 पासून 16 वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे आहे. त्याच वर्षी विद्यार्थ्यांचा बसप्रवास मोफत झाला, आणि खेड्यांतील मुलांच्या हजेरीला कायद्याइतकाच त्याचाही हातभार लागला असावा.

उच्च शिक्षणाच्या आकड्यांत सर्वाधिक घोटाळा होतो. तेथील उच्च शिक्षण आयोग परदेशी शिकणाऱ्या मॉरिशियन विद्यार्थ्यांनाही नोंदणीत धरत आला आहे, म्हणून त्याचे प्रमाण 2013 च्या सुमारास पन्नास टक्क्यांच्या घरात दिसते. युनेस्कोच्या पद्धतीत परदेशी गेलेला विद्यार्थी यजमान देशाच्या खाती पडतो, आणि त्या कोष्टकात प्रमाण दहाएक अंकांनी खाली येते. बेटराष्ट्राचे तरुण फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, भारत येथे शिकतात हे लक्षात घेता आयोगाचा आकडा समाजाची शिक्षणाची ओढ दाखवतो, तर युनेस्कोचा आकडा देशातील जागा. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

खर्च : शिक्षणावरील सार्वजनिक खर्च बहुतेक वर्षी स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 4 ते 5 टक्क्यांच्या पट्ट्यात राहिला आहे. शिक्षणाविषयीच्या 2015 च्या आंतरराष्ट्रीय इंचॉन जाहीरनाम्याशी निगडित कृती आराखड्यात 4 ते 6 टक्के ही मर्यादा सुचवली आहे, तिच्या खालच्या बाजूस हा आकडा पडतो. तरी त्यावरून आखडत्या हाताचा निष्कर्ष काढू नये. जन्मदर घटल्याने प्राथमिक शाळांचा पट 2000 च्या सुमारास सव्वा लाखाच्या वर होता, तो आता लाखाच्या बराच खाली आला आहे. एकूण वाटा तोच राहिला तरी दर विद्यार्थ्यामागील रक्कम वाढत गेली. पट कमी झालेल्या शाळा एकत्र करण्याचा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. वर्षांची तुलना करताना हिशेबी वर्ष बदलल्याचे ध्यानात ठेवावे : 2010 पासून ते जानेवारी ते डिसेंबर असे होते, 2015 मध्ये पुन्हा जुलै ते जून झाले. बदलाच्या सहामाहीचे आकडे पूर्ण वर्षाचे समजून वापरल्याची उदाहरणे आढळतात. खर्चाचा मोठा भाग पगारावर जातो. 2019 पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील पहिल्या पदवीची फी व 2024 पासून बालवाडीची फी सरकारने उचलली आहे.

पालकांचा खर्च सरकारी हिशेबात येत नाही. खासगी शिकवण्यांची प्रथा येथे जुनी व सार्वत्रिक आहे. खालच्या इयत्तांना शिकवण्या घेण्यावर कायद्याने बंदी असली तरी नामवंत कॉलेजातील जागेसाठीची चुरस ही प्रथा टिकवून ठेवते. शाळा मोफत असूनही शिक्षण मोफत नाही, अशी तक्रार तेथे वारंवार ऐकू येते.

भाषा आणि पट : प्राथमिक शाळेत इंग्रजी व फ्रेंच सर्वांना असते. त्याखेरीज हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मँडरिन, अरबी यांपैकी एक भाषा घेता येते. 2012 पासून क्रिओल मोरिसियँ ही फ्रेंचवर आधारलेली तेथील बोलभाषाही त्यात आहे. या भाषांसाठी स्वतंत्र शिक्षक असतात, म्हणून एखाद्या शाळेत मराठी घेणारी पाचसात मुले असली तरी तासिका ठेवावी लागते व दर विद्यार्थी खर्च चढतो. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी व सावंतवाडी भागांतून, मुंबई बंदरामार्गे गेलेल्या मजुरांचे वंशज आज घरी बहुधा क्रिओल बोलतात, मराठी शिकतात ती शाळेत. पाठ्यपुस्तकांचे काम मोका येथील महात्मा गांधी संस्थेकडे आहे. पौर्वात्य भाषांचे गुण प्राथमिक परीक्षेच्या क्रमवारीत धरावेत की नाही, हा वाद इतका चिघळला की, त्यासाठीची घटनादुरुस्ती नोव्हेंबर 1995 मध्ये फसल्यावर पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी विधानसभा विसर्जित केली व डिसेंबरच्या निवडणुकीत मुख्य बेटावरील साठही जागा गमावल्या. 2002 मध्ये क्रमवारीच रद्द होऊन श्रेणी आली.

रॉड्रिग्ज व आगालेगा : मॉरिशसचाच भाग असलेल्या रॉड्रिग्ज बेटाला 2002 पासून प्रादेशिक स्वायत्तता असून तेथील शाळांचा खर्च प्रादेशिक सभेच्या अंदाजपत्रकातून होतो. राष्ट्रीय कोष्टकांत तो कधी एकत्र, कधी वेगळा दाखवलेला असतो. मॉरिशसच्याच आगालेगा या दूरच्या बेटांची वस्ती काहीशे माणसांची असल्याने तेथील नोंदणीचे प्रमाण टक्क्यांत मांडण्यात फारसा अर्थ नाही.