जिप्सी मॉथ

जिप्सी मॉथ (डीएच-६० जी) : उघड्या कोठडीचे, दोन आसनी, द्विपंखी हलके विमान. डी हॅव्हिलंड कंपनीच्या मूळ मॉथचे पहिले उड्डाण २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन येथे झाले. खासगी मालकाने स्वतः बाळगावे, स्वतःच निगा राखावी आणि लांबचा पल्ला गाठावा, ही गोष्ट आवाक्यात आणण्याचे श्रेय बहुधा याच विमानाला दिले जाते.

हे श्रेय विमानाच्या सांगाड्यापेक्षा एंजिनाकडे अधिक जाते, असे म्हणायला जागा आहे. पहिल्या महायुद्धानंतर रेनॉ कंपनीची हवेने थंड होणारी आठ सिलिंडरांची एंजिने शिलकी मालात पडून होती. एंजिनांचे आरेखक फ्रँक हॅलफर्ड यांनी त्यांतील चार सिलिंडरांची एक रांग घेऊन सुमारे ६० अश्वशक्तीचे सिरस एंजिन उभे केले. सिरसला त्यामुळे ‘अर्धे रेनॉ’ म्हणण्याची पद्धत आहे. मात्र क्रँककेस (मुख्य दांडा सामावणारी एंजिनाची पेटी) नवी होती, हे त्यात झाकले जाते. शिलकी माल आटू लागल्यावर हॅलफर्ड यांनीच सु. १०० अश्वशक्तीचे जिप्सी एंजिन आखले. १९२८ च्या सुमारास ते मॉथवर बसले आणि ‘जिप्सी मॉथ’ तयार झाले. मोहोरबंद केलेले एक एंजिन नेहमीच्या देखभालीवर ६०० तास चालवून मग उघडले, तेव्हा बदललेल्या भागांचा खर्च सु. ७ पौंड आला. ही चाचणी उत्पादकाच्या जाहिरातीचा भाग होती, हे ध्यानात घेतले तरी आकडा बोलका आहे. विमानाची किंमत त्या वेळी ६५० पौंड होती.

पंखांचा विस्तार सु. ९ मी.; ते मागे दुमडले की रुंदी ३ मीटरांच्या आत येई, त्यामुळे मोठा हँगर (विमान ठेवण्याची शेड) लागत नसे. एंजिन हाताने पंखा फिरवून सुरू करीत. प्लग पुसणे, टॅपेटमधील (झडपा हलवणाऱ्या भागातील) फट तपासणे, झडपांच्या रॉकरना (तरफांना) ग्रीस देणे, तेल बदलणे आणि पेट्रोल शॅमॉय कातड्यातून गाळून भरणे ही कामे लांबच्या सफरीत मुक्कामी पोचल्यावर वैमानिकालाच करावी लागत. मूळ टाकी वरच्या पंखात असून पेट्रोल उताराने एंजिनाकडे येई. पल्ला वाढवण्यासाठी पुढच्या आसनाच्या जागी बसवलेल्या जादा टाकीतले पेट्रोल मात्र हातपंपाने वर चढवावे लागे. ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सन यांनी मे १९३० मध्ये लंडनजवळचे क्रॉयडन ते ऑस्ट्रेलियातील डार्विन हा प्रवास एकटीने केला, तो असाच पंप मारत. जमिनीवरील अभियंत्याचा परवानाही त्यांच्याकडे होता. रंगूनजवळ इन्सीन येथे पंख फाटला, तेव्हा युद्धकाळातील विमानी कापडापासून शिवलेले सदरे उसवून त्याला ठिगळे लावली गेली.

भारतात मॉथ विमाने प्रथम फ्लाइंग क्लबांतून रुळली. जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना (१० फेब्रुवारी १९२९) मिळाला तो मुंबईच्या क्लबातूनच. इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने, महिन्याच्या आत उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले. ‘पहिला’ कोण, याबद्दल लेखकांत एकमत नाही. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला व अॅस्पी इंजिनिअर कराचीहून क्रॉयडनला पोचले. परंतु ते दोघे होते. वैमानिक मनमोहन सिंग ‘मिस इंडिया’ नावाच्या विमानातून इंग्लंडहून एकटेच कराचीला आले, पण वाटेत दक्षिण फ्रान्समध्ये उतरावे लागल्याने महिन्याची मुदत उलटली. एप्रिल १९३० च्या अखेरीस अॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून आणि मेच्या सुरुवातीला टाटा कराचीहून निघाले. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबूकिर येथे पडली. प्लगसाठी खोळंबलेल्या इंजिनिअर यांना टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग दिले. बक्षीस थोडक्या फरकाने इंजिनिअर यांना मिळाले. (ते पुढे भारताचे वायुसेनाप्रमुख झाले.) बक्षिसाच्या नियमांपुरता हा निर्णय बिनचूक असला, तरी निव्वळ उड्डाणाचा अग्रमान मनमोहन सिंगांकडे जातो, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

नंतर बंद कोठडीचे पस मॉथ आले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले ते पस मॉथमधून, जिप्सी मॉथमधून नव्हे.