पेज, मीठ आणि घाम: डाएट करत सराव करणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी

मिरामार आणि दोनापावलाच्या रस्त्यांवर पहाटे पळणारे, सायकल मारणारे आता बारमाही दिसतात. २०१९ साली पणजीत आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत झाली: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावणे. तेव्हापासून अशा सरावाची ओढ वाढली आहे. त्यातले बरेच जण त्याच महिन्यांत वजनही उतरवायला बघतात. भात बंद, पाव बंद, लोणचे-पापड बंद. चार-पाच दिवसांत डोके जड होते, खाली वाकून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री पोटरीत गोळा येतो. मग 'अशक्तपणा आला' म्हणून प्रोटीन वाढवले जाते. अशा वेळी आधी मीठ-पाण्याचा हिशेब बघायला हवा. तो हिशेब वैद्यकाला एकदम कळला नाही; शंभरेक वर्षांत तुकड्यातुकड्याने जुळत गेला.

पहिला तुकडा कोळशाच्या खाणीतला. इंग्लंडच्या खोल, तापलेल्या खाणींत मजुरांना जीवघेणे पेटके येत. नेव्हिल मॉस या खाण-अभ्यासकाने १९२३ च्या सुमारास दाखवले की ही माणसे घामातून मीठ घालवत होती आणि भरपाई मात्र नुसत्या पाण्याने करत होती. पाण्यात थोडे मीठ घातल्यावर त्रास कमी झाला. (थकलेला स्नायूही पेटक्याला कारण होतो, हे पुढे कळले. त्यामुळे प्रत्येक गोळ्याचे खापर मिठावर फोडू नये.) एक लिटर घामातून साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जाते, आणि हे प्रमाण माणसागणिक बदलते. आपल्याकडे हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. काळा टी-शर्ट वाळल्यावर पाठीवर आणि टोपीच्या पट्टीवर पांढरे वळ उमटत असतील, तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे असे समजायला हरकत नाही.

डाएट करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा तुकडा दुसरा, आणि तोच कोणी सांगत नाही. १९१२ साली बॉस्टनमध्ये फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी एका माणसाला ३१ दिवस केवळ पाण्यावर ठेवून त्याच्या शरीरातून काय काय बाहेर पडते ते मोजले. उपासाच्या सुरुवातीच्या दिवसांत लघवीवाटे मीठ भराभर जाते, मग हळूहळू कमी होते, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. असे का होते, याचे मोठे कारण १९७५ मध्ये डीफ्रोन्झो आणि सहकाऱ्यांनी उलगडले: इन्शुलिन मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावते. भात-पाव कमी केला की इन्शुलिन उतरते आणि मूत्रपिंड सोडियम सोडून देते, पाणीही त्याच्यामागून जाते. शिवाय स्नायू आणि यकृतात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा संपला की तेही जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर उतरलेले किलो-दोन किलो बहुतांशी हेच असते.

म्हणजे मीठ घामातून जाते, लघवीतून जाते, आणि ताटातले खारट पदार्थ बंद झाल्याने परत येत नाही.

याची टोके अमेरिकेने पाहिली आहेत. १९७० च्या दशकात पातळ प्रोटीनवर राहून वजन उतरवणाऱ्या पन्नासहून अधिक लोकांचे मृत्यू तपासले गेले. अनेकांच्या हृदयाचे ठोके बिघडले होते. १९९७ मध्ये वजनी गटात बसण्यासाठी घाम गाळून पाणी तोडणारे तीन कॉलेज कुस्तीगीर दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले.

भरपाई कशी करायची, याचे उत्तर मात्र आपल्या बाजूला घडले. साखर आतड्यातून शोषली जाताना सोडियमला सोबत घेऊन जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. अशा तोंडाने प्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याला ओआरएस म्हणतात. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. फ्लोरिडातल्या फुटबॉलपटूंसाठी १९६५ मध्ये निघालेले गेटोरेड याच काळातले. त्यात मीठ कमी, गोडी जास्त.

पुढे ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ शिजवून केलेले द्रावणही कॉलऱ्यात चांगले चालते, हे बांगलादेशात सिद्ध झाले. इथे मला आपली पेज आठवल्याशिवाय राहत नाही. शेतावर राबणारा माणूस सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज घेई, जोडीला खारवलेला बांगडा नाहीतर मिठातले तोर, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. पाणी, पिष्ट आणि मीठ एकाच वाडग्यात. मीठही गावचेच, आगरवाड्याच्या किंवा नेरूलच्या मिठागरातले. हा धंदा एवढा मोठा होता की पोर्तुगिजांशी केलेल्या १८७८ च्या तहाने ब्रिटिशांनी गोव्याच्या मिठाचा मक्ता घेतला आणि तो १८९२ पर्यंत ठेवला. डाएट म्हटले की आज पहिली कुऱ्हाड याच वाडग्यावर पडते, याची मला खंत वाटते. सराव जड असेल त्या दिवशी वाटीभर पेज, चिमूटभर मीठ घालून, ठेवायला काहीच हरकत नाही.

उलटी चूकही होते. १९९६ मध्ये अमेरिकन क्रीडावैद्यक संस्थेने शर्यतीत जमेल तेवढे प्यावे असा सल्ला दिला होता. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले, आणि एका धावपटूचा त्यात जीव गेला. २००७ मध्ये सल्ला बदलला: वजन दोन टक्क्यांहून जास्त घटू देऊ नका, आणि पिऊन वाढवूही नका. सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. किलोभर घट म्हणजे साधारण लिटरभर घाम. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडे, म्हणून दोन तासांच्या सायकलनंतर ते एकटे पुरत नाही. सोलकढीत मीठ नीट घातले असेल तर ती कामाची. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली; तरी पुडी घेताना मागचा तक्ता वाचावा. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि पोटॅशियमच्या गोळ्या तर कोणीच आपल्या मनाने घेऊ नयेत.