माळ्यावरची बुरशी (कोकणातील कौलारू घरे)

कोकणातील कौलारू घरांत पावसाळ्यात माळ्यावरचे वासे, रिपा (कौले टेकवायच्या आडव्या पट्ट्या), फळ्या आणि साठवलेले सामान यांवर वाढणारी बुरशी. जून ते सप्टेंबर हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला तेवढी पुरते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांपुढे टिकला, तर प्रश्न नुसत्या डागांचा राहत नाही. लाकूड कुजू लागते.

पूर्वी चुलीचा धूर माळ्यातून कौलांच्या फटींवाटे बाहेर पडे आणि त्याच्या उबेने लाकूड कोरडे राही. गॅस आल्यावर ही ऊब गेली. त्यातच गळती अडवायला कौलांखाली प्लास्टिक ताणले की वारा कोंडतो, प्लास्टिकवर झिरपलेले पाणी वाशाच्या कडेने उतरते आणि रिप व वासा यांच्या सांध्यात राखाडी-काळे ठिपके धरतात. हे प्लास्टिक हा उपाय नव्हेच.

पुसण्याआधी गळती शोधावी. भर दुपारी माळ्यावर दिवा न लावता वर पाहिले, की सरकलेल्या कौलाची फट उजेडाने दिसते. फुटकी कौले बदलावीत, कोन्यांचा (छपराच्या कण्यावरच्या कौलांचा) सुटलेला गिलावा भरावा, पन्हळीतला पाचोळा काढावा. शाकारणी, म्हणजे कौले नीट करून पुन्हा बसवणे, मे महिन्यातच उरकावी.

सफाईला खरा काळ ऑक्टोबरचा, ऊन कडक झाल्यावर. ऐन पावसात पुसलेली बुरशी पुन्हा येते, कारण लाकूड वाळतच नाही. एन-95 मास्क, चष्मा व हातमोजे घालावेत. कोरडा झाडू मारू नये. बुरशीचे बीजाणू (बारीक बीजकण) उडून घरभर पसरतात. साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, फडके वारंवार धुवावे. दोन-तीन दिवस वाळू द्यावे. मग 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून ब्रशने लावावा आणि तो धुऊ नये. टाकणखार मुलांच्या हाती लागू देऊ नये. ब्लीचने डाग फिका होतो, पण क्लोरीन लाकडाच्या पृष्ठभागावरच राहते आणि पाणी तेवढे लाकडात मुरते. ब्लीच व्हिनेगर किंवा अमोनियात मिसळल्यास विषारी वायू निघतो.

वाशात स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज रुतले, तर पुसण्यात अर्थ नाही. सुताराकडून तो भाग बदलून घ्यावा. मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती वाळवी असते आणि तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

सामान भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांवर उचलून ठेवावे. पुठ्ठ्याचे खोके सर्वांत वाईट: वरून कोरडे दिसते, तळाचा थर मात्र बोटाने सोलून निघतो. छपराच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर जाळीचे झरोके ठेवावेत. आर्द्रता शोषणारे यंत्र बंद खोलीत चालते. कौलांच्या फटींतून सतत नवी दमट हवा येत असल्याने माळ्यावर त्याचा उपयोग नाही. कडुनिंबाचा पाला किडींसाठी ठेवतात, पण दमट दिवसांत तो पालाच बुरसतो.